खुब्याच्या ऑपरेशननंतर आजी-आजोबांना घरी आणण्याआधी

वॉकर, कमोड खुर्ची आणि एअर बेड (पडून राहून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची हवेची गादी) आम्ही ठाणे, नवी मुंबईत भाड्याने देतो. आमची एकच विनंती: डिस्चार्जच्या दिवसाची वाट पाहू नका. रुग्ण दवाखान्यात आहे तोवर टेप घेऊन घर मोजा.

आधी सर्जनना विचारा: बॉल बसवला की रॉड टाकला?

मांडीचं हाड खुब्याच्या मानेशी मोडून सरकलं, तर वरच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटतो. हाड जुळण्याची खात्री राहत नाही. म्हणून वयस्कर माणसाला बहुधा कृत्रिम बॉल बसवतात. त्याच्या खाली मोडलं तर तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, हाड जुळतं. तिथे रॉड आणि स्क्रू घालतात.

घरी लागणारं सामान याच फरकावर ठरतं. बॉल सांध्यातून निखळू शकतो, विशेषतः चीर मागच्या बाजूने घेतली असेल तर. अशा वेळी खुबा काटकोनापलीकडे वाकवणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, खाली वाकून चप्पल उचलणं हे सगळं साधारण 6 ते 12 आठवडे बंद. झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. रॉड असेल तर निखळण्याची ही भीती नाही, पण पायावर किती भार द्यायचा ते सर्जनकडून लिहूनच घ्या.

संडास

खरी अडचण इथेच येते. गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. बसण्याची जागा त्याहून दोनेक इंच उंच हवी. घरातला कमोड बुटका असेल तर 4 किंवा 6 इंचांचा रेझर, म्हणजे कमोडवर बसवायची उंच बैठक, लागते. भारतीय संडासावर कमोड खुर्ची ठेवायची असेल तर तिचे चारही पाय सपाट लादीवर टेकतात का पाहा. एक पाय पायदानावर चढला की खुर्ची डुलते.

उघडलेला वॉकर साधारण 20 ते 24 इंच रुंद असतो. सिडकोच्या जुन्या घरांत, नौपाडा-कोपरीच्या जुन्या इमारतींत बाथरूमचं दार अरुंद असू शकतं. दार पूर्ण उघडा आणि फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंतची मोकळी जागा मोजा, नुसती चौकट नको. वॉकर जात नसेल तर रुग्णाला आडवं चालवत आत नेऊ नका. कमोड खुर्ची पलंगाशेजारी ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही, रात्री तर हेच बरं. भिंतीला दांडी लावायची तर ती विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल खिळवा. लादीला चिकटवलेली व्हॅक्यूमची दांडी माणसाचं वजन पडताच सुटते.

वॉकर

रुग्ण चप्पल घालून, हात सैल सोडून उभा असताना वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. उंच झाला तर खांदे वर चढतात, बुटका झाला तर माणूस पुढे झुकतो आणि तोल जातो. चारही पायांची बटणं एकाच भोकात टक् आवाज करून बसली पाहिजेत. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वॉकर घेऊन जिना चढू नका. पुढे कठड्याच्या आधाराने जिना सुरू झाला की चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

खालची रबरी बुचं दर आठवड्याला उलटी करून बघा. नक्षी झिजली की ओल्या लादीवर वॉकर सरकतो. पावसाळ्यात दारातली पायपुसणी आणि सतरंज्या उचलूनच ठेवा.

एअर बेड

त्यावर जाड गादी किंवा गोधडी घालू नका, हवेचा उपयोगच राहत नाही. पातळ चादर पुरे. एअर बेड असला तरी कूस दर दोन तासांनी बदलायचीच.

ताबडतोब दवाखाना

पाय एकाएकी आखूड दिसला किंवा वळला, खुब्यात असह्य कळ आली तर उभं करू नका. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला, ताप चढला, तरी लगेच सर्जनना कळवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर 108.

साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. डिस्चार्जच्या कागदावर हाडांच्या औषधाचा उल्लेख नसेल तर पहिल्याच तपासणीत विचारा. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाबरोबर घेतली तर ती शरीरात नीट शोषली जात नाही.