एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स : ड्युअल बूटची पार्श्वभूमी

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला बसलं की सूचनांची रांग लागते. फास्ट स्टार्टअप बंद करा, ईएफआय पार्टिशन (डिस्कचा एक वेगळा भाग) फॉरमॅट करू नका, सिक्युअर बूट तपासा. या सूचना वेगवेगळ्या काळातल्या आहेत आणि प्रत्येकीमागचं कारण वेगळं आहे. ती कारणं कळली की नवशिक्याची भीती बरीच कमी होते, म्हणून ती सांगायलाच हवीत.

सुरुवात बायॉसपासून, म्हणजे मशीन सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमपासून (अशा प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात). १९८१च्या आयबीएम पीसीत तो आला आणि १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर हार्ड डिस्कसाठी एमबीआर आला. बायॉसला फाइल म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजेच एमबीआर, मेमरीत घ्यायचा आणि त्यातला कोड चालू करायचा, एवढंच त्याचं काम. त्या सेक्टरात कोडला ४४६ बाइट मिळत, पार्टिशनच्या तक्त्याला ६४. म्हणून मुख्य पार्टिशन फक्त चार, आणि बूटलोडरची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, जागा एकच.

लिनक्सचा सुरुवातीचा लिलो हा बूटलोडर कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कवर नेमका कुठे आहे याची नोंद करून ठेवायचा. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचं राहिलं, की मशीन सुरू होत नसे. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला ग्रब हा बूटलोडर स्वतः फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) वाचू शकत होता, त्यामुळे ही कटकट संपली. पण ४४६ बाइटांत तो मावेना. त्याचा उरलेला भाग एमबीआर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या सेक्टरांत ठेवला जाई, आणि ती जागा अधिकृतपणे कोणाचीच नव्हती. विंडोजचा इन्स्टॉलर तर एमबीआरवर न विचारता स्वतःचा कोड लिहायचा. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम तिथून आला.

बदलाची गरज वेगळ्याच ठिकाणी निर्माण झाली. इंटेलच्या इटॅनियम सर्व्हरना बायॉसचा १६ बिटांचा संसार पुरेना, म्हणून १९९८ च्या सुमारास इंटेलने नवा आराखडा हाती घेतला. त्याचंच पुढे ईएफआय झालं. २००५ मध्ये अनेक कंपन्यांचा मंच स्थापन झाला आणि यूईएफआय हे नाव रूढ झालं. फर्मवेअरला आता फॅट फाइल सिस्टिम वाचता येऊ लागली. ईएफआय पार्टिशनमध्ये मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर, उबुंटू या लिनक्सच्या डिस्ट्रोचा (आवृत्तीचा) दुसरा, फेडोरा या डिस्ट्रोचा तिसरा, आणि कोणाला आधी बोलवायचं याची यादी मदरबोर्डवरच्या मेमरीत. जीपीटी या पार्टिशनच्या नव्या तक्त्यामुळे चार पार्टिशनांची आणि साधारण दोन टेराबाइटची मर्यादाही गेली. माझ्या मते ड्युअल बूटच्या इतिहासातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच. हे पार्टिशन सामायिक असल्यामुळेच ते फॉरमॅट करायचं नसतं. केलं तर विंडोजचा बूटलोडरही जातो.

प्रत्यक्षात सगळं इतकं सरळ झालं नाही. काही लॅपटॉपचं फर्मवेअर ती यादी बाजूला ठेवून थेट विंडोजचाच बूटलोडर शोधतं. लिनक्सचा पेनड्राइव्ह चुकून जुन्या बायॉस पद्धतीने सुरू झाला, तर ग्रबही त्याच पद्धतीचा बसतो आणि त्याच्या मेनूतून यूईएफआयवरचं विंडोज सुरू होत नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि दोन नव्या अडचणी एकदम उभ्या राहिल्या. फास्ट स्टार्टअपमध्ये ‘शट डाउन’ म्हटल्यावरही विंडोज अर्धवट हायबरनेट होतं, म्हणजे पूर्ण बंद न होता आपली स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं. त्या अवस्थेत लिनक्सने त्याच्या पार्टिशनवर लिहिलं तर डेटा बिघडू शकतो. दुसरी अडचण सिक्युअर बूटची, म्हणजे विश्वासू चावीची डिजिटल सही नसलेला बूटलोडर चालू न देण्याच्या सोयीची. विंडोज ८ चं प्रमाणपत्र हवं असलेली मशीन विकताना ते चालू करून देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, आणि विश्वासाची चावी बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टची. आपल्याच मशीनवर लिनक्स चालवता येईल का, ही तेव्हाची भीती अगदी रास्त होती.

लिनक्स डेव्हलपर मॅथ्यू गॅरेट यांच्या शिमने तोडगा दिला. शिम हा छोटा प्रोग्रॅम. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही, आणि आत त्या डिस्ट्रोची स्वतःची चावी, जिने ग्रब आणि कर्नल तपासले जातात. सुसे या लिनक्स कंपनीच्या मंडळींनी त्यात मालकाला स्वतःची चावी नोंदवण्याची सोय घातली. बाहेरचा ड्रायव्हर टाकल्यावर रीबूटच्या वेळी जो निळा स्क्रीन पासवर्ड मागतो, तो हाच.

२०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ ही त्रुटी उघड झाली. सदोष ग्रब एकेक करून बाद करायचे तर फर्मवेअरमधली बंदीची यादी पुरणार नव्हती, म्हणून एसबॅट आलं : अमुक पिढीच्या आधीचे सगळे बूटलोडर एकदम बाद. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने हीच मर्यादा वर सरकवली. ड्युअल बूटची मशीन त्यातून वगळायची होती, तरी अनेकांचं लिनक्स सुरू होईना.

शिमवरच्या सहीमागचं मायक्रोसॉफ्टचं २०११चं प्रमाणपत्र जून २०२६ पर्यंतचं आहे. सही झालेले जुने शिम त्यानंतरही चालतात, कारण फर्मवेअर सहसा मुदत तपासत नाही. फक्त २०२३च्या नव्या प्रमाणपत्राने सही केलेल्या शिमसाठी मात्र ते प्रमाणपत्र फर्मवेअरच्या यादीत असावं लागतं, आणि जुन्या लॅपटॉपवर ते अपडेटमधूनच येतं.