साखरेच्या पाण्याने गुच्छ टिकतो का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आठवडी बाजारांत गुच्छ विकणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: बादलीत मूठभर साखर टाका, फुलं आठवडाभर टिकतील. हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यानेच माल वाया जातो.

साखर कळ्या उमलायला ताकद देते, पण तीच बादलीतल्या जिवाणूंचंही खाद्य आहे. दोन दिवसांत पाणी गढूळ होतं, देठाच्या नळ्या बुळबुळीत थराने बुजतात आणि पाण्यात उभं असूनही फूल मान टाकतं. जरबेऱ्याचं हे सर्वांत आधी होतं.

म्हणून साखरेसोबत जंतुनाशक हवंच. एक लिटर पाण्याला २० ग्रॅम साखर, पाव ग्रॅम लिंबूसत आणि कपड्यांचं साधं ब्लीच १ मिली. लिंबूसत आणि ब्लीच पाण्याशिवाय एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. इतकं मोजणं जमत नसेल, तर नुसतं स्वच्छ पाणी रोज बदला. साखरपाण्यापेक्षा ते केव्हाही बरं. तांब्याचं नाणं टाकून काही फरक पडत नाही.

खरा टिकाऊपणा तोडणीत ठरतो. ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसताच पहाटे तोडा आणि उभाच ठेवा, आडवा ठेवला की शेंडा वर वळतो. निशिगंधाची खालची दोन-तीन फुलं उमललेली हवीत. ॲस्टर मात्र पूर्ण उमललेलाच. कळीत तोडलेला पुढे नीट उमलत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढा, देठ धारदार सुरीने तिरका छाटा. बादली दरवेळी घासून धुवा.