खुलासा: लाट शिरलेली विहीर कोरडी उपसू नका

त्सुनामीचं पाणी विहिरीत शिरलं की पंप लावून ती तळापर्यंत उपसायची, म्हणजे गोडं पाणी परत येतं, असा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. पॅसिफिकमधल्या सखल प्रवाळबेटांवर हा उपाय घातक ठरतो.

तिथे वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर १ सेंटिमीटर गोडं पाणी, तर खाली साधारण ४० सेंटिमीटर. त्यामुळे जोरात उपसा करून पातळी जराशी जरी खाली गेली, तरी खालचं खारं पाणी कितीतरी पट वर चढतं. कच्च्या विहिरीच्या कडाही ढासळतात.

गाळ, कचरा, मेलेली जनावरं आधी काढा. गढूळ पाणी बादलीने किंवा लहान पंपाने, हळूहळू, एकदाच काढा आणि लांब नेऊन ओता. जवळ ओतलं तर तेच मुरून परत येतं. पुढचं काम पावसाचं. कुक बेटांमधल्या पुकापुकावर २००५च्या चक्रीवादळात लाटा आत घुसल्या, तेव्हा भूजल पिण्याजोगं व्हायला सुमारे ११ महिने लागले. क्लोरीनने जंतू मरतात, मीठ जात नाही.

पावसाच्या पाण्याची टाकी मात्र पूर्ण रिकामी करून धुवावीच. टोंगात जानेवारी २०२२ मध्ये लाटेबरोबर ज्वालामुखीची राखही आली. अशा वेळी आधी पन्हळ टाकीपासून सोडवा, छप्पर साफ करा, पहिल्या पावसाचं पाणी वाहून जाऊ द्या, मगच पन्हळ पुन्हा जोडा.