बुडालेलं झाड नेमकं कुठे कुजतं?

मे महिन्यात गोव्यातल्या साळावली धरणाचं पाणी ओसरलं की कुर्डी वर येतं. सांगे तालुक्यातलं हे गाव 1986 साली धरणाच्या पोटात गेलं. गावकऱ्यांनी वाडे आणि वालकिणीला नवी घरं बांधली, आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावातलं हे गाव वर्षातले दहा-अकरा महिने पाण्याखाली राहू लागलं. उरलेल्या काही आठवड्यांत जोती, विहिरी, पायवाटा उघड्या पडतात, सोमेश्वराच्या उत्सवाला जुने शेजारी भेटतात. फोटो सगळे घरांच्या जोत्यांचे काढतात. मी मात्र भेगाळलेल्या चिखलातून खुंट बघत हिंडत होतो.

माणसाच्या कमरेएवढा एक खुंट होता. त्याचं वरचं टोक बोटांनी चुरलं तर भुसा हातात आला. खाली बुंध्याशी ओला चिखल उकरला, तर तिथलं लाकूड काळं पडलेलं, पण टणक, नख रुतेना. झाड एकच, पाण्यात गेलं तेही एकाच पावसाळ्यात. मग वर भुसा आणि खाली लाकूड असं का?

पाण्याने लाकूड कुजतं असं आपण सहज म्हणतो. गोव्याच्या पावसात वासे आणि खिडक्यांची दशा पाहिलेल्याला ते पटतंही. पण लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन हे मोठं चिवट रसायन. ते फोडायचं तर ऑक्सिजन हवाच. पाण्यात तो असतो किती? 25 अंश तापमानाच्या एक लिटर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर तेवढ्याच तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम 8. शिवाय स्थिर पाण्यात तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट संथपणे पसरतो. पाण्याने गच्च भरलेल्या खोडाच्या गाभ्यात तो पोहोचायचा तरी कधी? तिथे उरतात फक्त काही जिवाणू. ते सेल्युलोज हळूहळू पोखरतात, पण त्यांचं काम शतकांच्या हिशेबाने चालतं. वाळवीचा तर प्रश्नच मिटतो.

तेव्हा सर्वांत धोक्याची जागा म्हणजे हवा आणि पाणी भेटतात तो पट्टा. तळ्यात रोवलेला खांब बघा. तो तळाशी शाबूत राहतो, वरही बरा असतो आणि बरोबर पाण्याच्या रेषेवर कंबर बारीक होऊन मोडतो. कुर्डीच्या झाडांच्या नशिबी हा पट्टा दरवर्षी येतो, कारण तिथलं पाणी चढतं-उतरतं. ओल आहे, ऊन आहे, हवाही आहे. बुरशीला आणखी काय पाहिजे?

जिथे पाणी कधी उतरलंच नाही तिथे काय होतं, हे पाहायला मात्र पाठीवर टाकी बांधावी लागते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात क्लिअर लेक नावाचं सरोवर आहे. सुमारे 3000 वर्षांपूर्वी लाव्हाच्या लोंढ्याने मॅकेंझी नदी अडवली आणि काठचं डग्लस फरचं जंगल उभ्याउभ्या बुडालं. ते खोडांच्या रूपात आजही उभं आहे. पाण्याबाहेर राहिलेले शेंडे केव्हाच नाहीसे झाले. झऱ्यांचं पाणी बाराही महिने 4 अंशांच्या आसपास असतं आणि इतकं नितळ, की डायव्हर वर तरंगत राहून खालची अख्खी झाडं पाहतात. कझाकस्तानातलं काइंडी सरोवर त्यामानाने कालपरवाचं. 1911 च्या भूकंपात दरड कोसळून ओढा अडला आणि स्प्रूसची झाडं बुडाली. पाण्यावर त्यांची पांढुरकी खोडं खांबांसारखी दिसतात, आणि पाण्याखाली फांद्या आहेत, फांद्यांवर सुयांसारखी पानंही आहेत. शंभराहून अधिक वर्षांची पानं!

थंडीमुळे हे घडतं, हे खरं. मग आपल्यासारख्या उष्ण मुलखात? इथे पाण्याचा एक खोडकर गुण उपयोगी पडतो. पाणी 4 अंशांवरून 5 वर गेलं तर त्याच्या घनतेत नगण्य फरक पडतो, पण 29 वरून 30 वर गेलं तर तो फरक तीसपटीहून जास्त असतो. म्हणून आपल्याकडच्या खोल जलाशयात वरचा आणि तळाचा थर यांच्यात दोन-तीन अंशांचं अंतर पडलं, तरी वरचं ऊबदार पाणी तेलासारखं वर राहतं आणि खालच्याशी मिसळत नाही. तळाचा पालापाचोळा सडताना तिथला ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि वरून नवा येत नाही. अशा पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, चिखलातलं लोह आणि मँगनीज त्यात विरघळतं, मिथेनचे बुडबुडे निघतात. पिण्याच्या पाण्यासाठी ही डोकेदुखीच. पण लाकडासाठी तोच लोणच्याचा बंद बरणीतला खार. केरळात मुल्लपेरियार धरण 1895 साली पुरं झालं; त्या वेळी बुडालेल्या झाडांचे खुंट थेक्कडीच्या तळ्यात अजून उभे आहेत आणि पाणकावळे त्यांवर पंख वाळवत बसतात.

यात आणखी एक अट आहे: पाणी गोडं हवं. समुद्रात लाकडाचा वेगळाच वैरी राहतो. तो म्हणजे शिपवर्म, दिसायला अळीसारखा, पण कुळाने शिंपल्यांचा भाऊबंद. डोक्याशी असलेल्या इवल्या शिंपल्यांनी तो लाकडात बोगदे पाडतो. आपल्या मासेमाऱ्यांनी होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं ते काही हौस म्हणून नव्हे. गोव्याजवळच्या सुंची रीफवर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले: तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. असं सामान टिकतं; लाकडावर मात्र हा जीव तुटून पडतो. गोड्या पाण्यात तो सहसा जगत नाही.

झाडांमधलं डायव्हिंग गोव्याच्या समुद्रातल्या ग्रँड आयलंडच्या डायव्हिंगपेक्षा वेगळं असतं आणि त्याची सुरुवात कमरेच्या पट्ट्यापासून होते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. सामानासकट 100 लिटर जागा व्यापणाऱ्या माणसाला ते अडीच किलो जास्त वर उचलतं. समुद्रात लावलेली शिशाची वजनं तशीच ठेवून तलावात उतरलात तर सरळ चिखलात जाऊन बसाल, आणि एकदा गाळ उठला की स्वतःचा हातही दिसत नाही. म्हणून तिथे पाय वरखाली झोडायचे नाहीत, बेडकासारखे आडवे हलवायचे. फांद्यांत अडकलेली मासेमारीची तंगूस हा खरा धोका. जवळ सुरी हवी, सोबती तर हवाच.

रंगही उलटे होतात. समुद्रात खाली जाताना आधी लाल रंग मावळतो आणि सगळं निळं होतं. पालापाचोळ्याचा अर्क उतरलेल्या तलावात निळा आधी जातो. आपण कोऱ्या चहात पोहतोय असं वाटतं. काइंडीसारख्या ठिकाणी आणखी दोन पेच आहेत. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाबच कमी, त्यामुळे वर येताना रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची भीती अधिक; किती खोल किती वेळ राहायचं याची समुद्रासाठी केलेली कोष्टकं तिथे चालत नाहीत. शिवाय टाकीतली हवा दाब सोडताना गार होते आणि गोठणबिंदूजवळच्या पाण्यात रेग्युलेटरमध्ये (टाकीतल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडाशी देणाऱ्या यंत्रात) बर्फ धरून हवा भसाभसा सुटू लागते.

आणि इतकं लाकूड पाण्यात असून ते तरंगत का नाही? मुळं धरून ठेवतात हे अर्धंच उत्तर. लाकूड तरंगतं ते त्याच्या पोकळ पेशींतल्या हवेमुळे. पेशींची भिंत पाण्याच्या दीडपट जड असते. पोकळ्या पाण्याने भरल्या की साग काय नि फर काय, दगडासारखा तळाशी बसतो. धरणात बुडालेलं हे लाकूड बाहेर काढून विकायचा धंदाही आहे. घानाच्या व्होल्टा सरोवरात उभ्या खोडांवर होड्या आपटून माणसं बुडतात, म्हणूनही ती कापतात. कापलेलं खोड मात्र फार हळूहळू वाळवावं लागतं. घाई केली तर ते तडकतं.

कुर्डीचा तो खुंट मी उकरून काढला नाही. बुंध्याशी ओढलेला चिखल परत लावून दाबला. तीन आठवड्यांत पाऊस येणार होता.