बिनीथ द बोर्डवॉक

इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या आर्क्टिक मंकीज या इंडी रॉक बँडच्या सुरुवातीच्या डेमो, म्हणजे नमुन्यादाखल मुद्रित केलेल्या, गाण्यांचा संग्रह. २००३-०४ च्या सुमारास मुद्रित झालेली ही जवळपास दीड डझन गाणी बँडने अल्बम म्हणून कधी प्रसिद्ध केली नाहीत. संग्रहाचे नावही बँडने ठेवलेले नाही. कार्यक्रमात फुकट मिळालेल्या सीडीवरची गाणी इंटरनेटवर चढवताना कुणा चाहत्याने त्यांना, ती जिथे हाती पडली त्या शेफील्डमधल्या बोर्डवॉक या संगीत कार्यक्रमांच्या ठिकाणाचे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

शेफील्ड हे पोलादाचे आणि सुऱ्या-कात्र्यांचे जुने शहर. ह्यूमन लीग, डेफ लेपर्ड, पल्प हे बँडही तिथलेच. शहराच्या उत्तर कडेला हाय ग्रीन नावाचे उपनगर आहे. तिथे राहणारा ॲलेक्स टर्नर आणि त्याच्या शेजारचा जेमी कुक यांना २००१ च्या नाताळात गिटार मिळाल्या. टर्नरचा शाळासोबती अँडी निकल्सन बेस वाजवू लागला. मित्रांनी गिटारी आधीच घेतल्या होत्या, म्हणून मॅट हेल्डर्सच्या वाट्याला ड्रम आले. गॅरेजमध्ये सराव करून १३ जून २००३ रोजी या पोरांनी शहरातल्या ‘द ग्रेप्स’ या पबमध्ये पहिला कार्यक्रम केला. टर्नर तेव्हा सतरा वर्षांचा होता.

बोर्डवॉकची कथाही सांगण्यासारखी आहे. पूर्वी तिथे ब्लॅक स्वान नावाचा पब होता आणि ४ जुलै १९७६ रोजी द क्लॅश या पंक बँडने आपला पहिला कार्यक्रम तिथेच केला. टर्नर याच बोर्डवॉकमध्ये दारूच्या काउंटरवर कामाला होता. कवी जॉन कूपर क्लार्क यांचे धारदार, बोलल्यासारखे काव्यवाचन त्याने तिथेच ऐकले. टर्नरच्या सुरुवातीच्या गाण्यांत शब्दांची जी दाटी आहे, श्वास न घेता एखादा प्रसंग सांगत सुटण्याची जी लकब आहे, तिच्यावर त्या ऐकण्याचा ठसा आहे.

मुद्रण शेफील्डच्याच टूफ्लाय स्टुडिओत ॲलन स्मिथ यांनी केले. पहिल्याच सत्रात टर्नर अमेरिकी उच्चारात गाऊ लागला, तेव्हा स्मिथ यांनी त्याला चांगले फटकारले. या संग्रहाचे मर्म या फटकाऱ्यात आहे. रॉक गायचा तर आवाज अमेरिकी हवा, हा समज तेव्हाच्या पोरांच्या अंगी भिनलेला होता. टर्नर मात्र पुढे घरच्या बोलीत गायला. ‘मार्डी बम’ या गाण्याचे नावच पाहा. ‘मार्डी’ हा उत्तर आणि मध्य इंग्लंडच्या बोलींतला शब्द, अर्थ रुसून फुगून बसलेला. प्रमाण इंग्रजीत त्याला तितका लाडिक पर्याय नाही. तोंड पाडून बसलेल्या प्रेयसीची समजूत काढणाऱ्या पोराच्या तोंडी तो असा चपखल बसतो, की दुसरा शब्द घातला तर गाणेच कोसळेल. ‘फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ तर उसन्या अमेरिकीपणावरच तुटून पडते. न्यूयॉर्कचा असल्याचा आव आणणारा माणूस असतो शेजारच्या रॉदरमचा! बाकीच्या गाण्यांतही नाइट क्लब, पोलिसांची गाडी, शनिवारची रात्र आणि दारू पिऊन भांडणारी पोरे आहेत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या गल्लीकडे इतके निरखून पाहावे, याचे आजही नवल वाटते.

सीडी बँडने स्वतःच राइट केल्या आणि कार्यक्रमांत वाटल्या. प्रती थोड्या असल्याने चाहत्यांनी त्या कॉपी केल्या, गाणी इंटरनेटवर टाकली, एकमेकांना पाठवली. फुकट वाटलेल्या गाण्यांचे पैसे बुडाले अशी तक्रार बँडने केली नाही. उलट पोरे नवे गाणे सुरू करायची आणि समोरचे श्रोते ते आधीच पाठ असल्यासारखे गायचे. मायस्पेस या तेव्हाच्या लोकप्रिय समाजमाध्यमावरचे बँडच्या नावाचे पानही चाहत्यांनीच चालवले होते. बँडला त्यातले फारसे ठाऊक नव्हते. त्यामुळे ‘मायस्पेसने घडवलेला बँड’ हे त्या काळी वारंवार छापले गेलेले वर्णन अपुरे आहे. पाया घातला तो हातोहात फिरलेल्या सीडींनी.

मे २००५ मध्ये बँडने बँग बँग या स्वतःच्या लेबलवर दोन गाण्यांचे छोटे प्रकाशन काढले : ५०० सीडी आणि १,००० सात इंची तबकड्या. त्याच वर्षी डॉमिनो या स्वतंत्र कंपनीशी करार झाला आणि निर्माते जिम ॲबिस यांच्या देखरेखीखाली लिंकनशरमधल्या चॅपल स्टुडिओत पहिल्या अल्बमचे काम झाले. डॉमिनोने काढलेले त्यांचे पहिले सिंगल ‘आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोअर’ ऑक्टोबर २००५ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिले आले. जानेवारी २००६ मध्ये निघालेल्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये कोणत्याही बँडच्या पहिल्या अल्बमची इतकी वेगवान विक्री तोवर झाली नव्हती. त्याच वर्षी त्याला सर्वोत्तम अल्बमसाठी दिला जाणारा ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कारही मिळाला.

अल्बमच्या १३ गाण्यांपैकी निम्म्याहून अधिक या डेमोंत आधीच होती. काहींची नावे बदलली. डेमोतले ‘स्कमी’ अल्बमवर ‘व्हेन द सन गोज डाउन’ झाले. अल्बमवर वादन अधिक घट्ट, अधिक आक्रमक आहे. डेमोंत ते सैल आहे, कुठे कुठे धांदरटही, पण ‘अ सर्टन रोमान्स’सारख्या गाण्यात तो सैलपणा गोड लागतो.

निकल्सन २००६ मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि त्याच्या जागी निक ओमॅली आला. त्यामुळे मूळ चौकडीचे वादन ऐकायचे तर पहिल्या अल्बमच्या जोडीने या डेमोंकडेच वळावे लागते. ‘बिगर बॉइज अँड स्टोलन स्वीटहार्ट्स’ला डॉमिनोच्या पहिल्या सिंगलवर जोडगाणे म्हणून जागा मिळाली. ‘नॉक अ डोअर रन’चे नशीब तेवढे नव्हते. कुणाचे तरी दार वाजवून पळ काढायचा, या जगभरच्या पोरांच्या खेळाचे नाव असलेले हे गाणे अल्बमवर आले नाही. चाहत्यांकडच्या त्या जुन्या प्रतींत ते अजून वाजते आहे.