अपग्रेडमध्ये अडकलेले पॅकेज (डेबियन व उबंटू)

डेबियन किंवा उबंटू ही लिनक्स प्रणाली नव्या आवृत्तीवर नेताना एखादे पॅकेज (सॉफ्टवेअरचा बांधलेला गठ्ठा) मध्येच अडते आणि त्यावर अवलंबून असलेली बाकीची पॅकेजेही खोळंबतात, ती अवस्था. महाप्याच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर असो वा वागळे इस्टेटमधल्या छोट्या कार्यालयातला संगणक, उलगडा एकाच रीतीने करावा लागतो.

डीपीकेजी (पॅकेजे बसवणारा मूळ प्रोग्राम; एपीटी हे त्याच्यावर चालणारे साधन) आधी फाइली डिस्कवर उतरवते (अनपॅक), मग पॅकेजची पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट चालवते (कॉन्फिगर). बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला हे आधी ठरवावे. ‘रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)’ या शेवटच्या ओळीतून काहीच कळत नाही. कारण त्याच्या बरेच वर असते. पडदा पुसला गेला असल्यास /व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग उघडून पहिली चूक शोधावी.

कॉन्फिगरच्या टप्प्यावर हमखास आढळणारे कारण म्हणजे भरलेले /बूट, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइलींची जागा. हे विभाजन वेगळे असेल तर मुख्य डिस्कवर ४० जीबी मोकळे असूनही ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येते, कारण नव्या कर्नलची (प्रणालीचा गाभा) इनिट्रॅमएफएस फाइल, म्हणजे सुरू होताना लागणारी तात्पुरती फाइलप्रणाली, तिथेच लिहायची असते. ‘डीएफ -एच /बूट’ने जागा पाहावी. डेबियन १३साठी विभाजन किमान ७६८ एमबीचे असावे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावे, असे डेबियनचेच सांगणे आहे. ‘युनेम -आर’ने चालू कर्नल ओळखून, त्याला हात न लावता, ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने जुने काढावेत. एपीटीच अडून बसले तर सर्वांत जुन्या कर्नलची इनिटआरडी (म्हणजेच इनिट्रॅमएफएस) फाइल हाताने काढता येते: ती पॅकेजमधून येत नाही, संगणकावरच तयार होते. कर्नलची मूळ फाइल मात्र अशी पुसू नये. डीपीकेजीच्या नोंदीत ती बसवलेलीच राहते.

डीकेएमएस मॉड्यूल (प्रत्येक कर्नलसाठी संगणकावरच बांधला जाणारा ड्रायव्हर) नव्या कर्नलवर बांधले गेले नाही, तर /व्हार/लिब/डीकेएमएसमधला मेक.लॉग वाचावा. ‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ ही अनपॅकची चूक. दोन पॅकेजे एकाच फाइलीवर हक्क सांगतात. त्यातले एक बहुधा बाहेरच्या भांडारातले असते. ते काढणे बरे, सक्तीने वर लिहिणे नव्हे. कुलूपफाइल (दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी पॅकेजांना हात लावू नये म्हणून असलेली) तर कधीच पुसू नये: आधी ते कुलूप कोणी धरले आहे ते पाहावे, बहुधा आपोआप अपडेट करणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स निघते.

एसएसएचने (दुरून सर्व्हरवर शिरण्याची सोय) काम करणाऱ्यांनी अपग्रेड सर्व्हरवरच्या टीमक्समध्येच चालवावे; जोडणी तुटली तरी त्यातले काम चालू राहते. लांब पल्ल्याची गाडी पारसिक बोगद्यात शिरली की मोबाइलची रेंज जाऊ शकते. टीमक्स नसेल तर जोडणी तुटली की डीपीकेजी अर्ध्यावर मरू शकते. उबंटूचे डू-रिलीज-अपग्रेड एसएसएचवरून चालवल्यास १०२२ पोर्टवर दुसरी वाट उघडते, पण फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद असेल तर उपयोग नाही.

कारण दूर झाल्यावर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, शेवटी ‘एपीटी फुल-अपग्रेड’. ‘डीपीकेजी --ऑडिट’ काहीच छापत नसेल तरच रीबूट करावे. इनिट्रॅमएफएस अपुरी असताना रीबूट केले तर कर्नल मूळ डिस्क जोडू न शकल्याने पॅनिक होतो, म्हणजे तिथेच थांबतो. तेव्हा ग्रबच्या (संगणक सुरू होताना दिसणारा मेन्यू) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडून आत शिरता येते. म्हणून जुन्यांपैकी एक तरी कर्नल राखून ठेवावा.