पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यास नातेवाइकांनी अर्ज कुठे आणि कसे करायचे : न्यायदंडाधिकारी चौकशी, एफआयआर, मानवी हक्क आयोग आणि भरपाई

पोलीस कोठडीत कुणाचा मृत्यू झाला तर त्याची चौकशी पोलिसांनी करून भागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६ सांगतं की पोलिसांचा तपास चालू असला तरी न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतंत्र चौकशी करायचीच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच तरतूद कलम १७६(१अ) म्हणून होती. १ जुलै २०२४ पासून नवा क्रमांक लागू आहे, त्यामुळे जुन्या अर्जाचा नमुना कुणी दिला तर कलम बदलून घ्या.

ही चौकशी फक्त लॉकअपमधल्या मृत्यूपुरती नाही. माणूस कोठडीतून बेपत्ता झाला किंवा कोठडीत बलात्काराचा आरोप असला तरी ती होते. न्यायालयाने तुरुंगात पाठवल्यानंतर मृत्यू झाला तरी होते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण मार लागतो पोलीस ठाण्यात आणि माणूस दगावतो तुरुंगात किंवा सरकारी दवाखान्यात, असं होतं. मग 'आमच्या ताब्यात नव्हताच' हे उत्तर ठरलेलं असतं.

अर्ज कोण करू शकतं?

कलम १९६ मध्ये नातेवाईक म्हणजे आईवडील, मुलं, भाऊबहिणी आणि पती किंवा पत्नी. शक्य असेल तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना चौकशीची खबर द्यायची आहे आणि हजर राहू द्यायचं आहे. मानवी हक्क आयोगाकडे मात्र पीडिताच्या वतीने कुणीही तक्रार करू शकतं : शेजारी, वकील, संघटना, गावातला कार्यकर्ता.

मृत व्यक्तीवर कोणता गुन्हा दाखल होता, आधीचे किती गुन्हे होते, याचा या हक्काशी काहीही संबंध नाही. अर्जात तसा रकानाही नसतो. तरी घरच्यांना पहिला प्रश्न हाच विचारला जातो : "पण त्याने केलं काय होतं?" पोलीस विचारतात, दवाखान्यात विचारतात, भावकीतले विचारतात. मला या प्रश्नाची चीड येते, कारण त्याचा परिणाम थेट कागदावर होतो. घरातून नेताना पाहणारा शेजारी जबाब द्यायला पुढे येत नाही. रात्रभर ओरडण्याचा आवाज ऐकणारा समोरचा दुकानदार 'मी तेव्हा गावाला होतो' म्हणतो. 'असल्या लोकांसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार' असं म्हणून साक्षीदार गळतात, आणि मग पुराव्याअभावी प्रकरण बंद होतं.

हैदराबादजवळ ६ डिसेंबर २०१९ रोजी बलात्कार आणि खुनाच्या आरोपातले चार जण पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये समोर आलेल्या अहवालात म्हटलं होतं की गोळीबार जीव घेण्याच्याच उद्देशाने झाला, आणि १० पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. त्या चौघांवरचा खटला तर उभाच राहिला नाही. पीडितेच्या घरच्यांनाही न्यायालयातून सत्य कळण्याची वाट तिथेच बंद झाली.

हा प्रश्न परराज्यातला म्हणून सोडता येणार नाही. केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२२ या पाच वर्षांत पोलीस कोठडीतल्या मृत्यूची ६६९ प्रकरणं नोंदली गेली. सर्वाधिक ८० गुजरातमध्ये होती, त्याखालोखाल ७६ महाराष्ट्रात.

पहिला दिवस : शवविच्छेदन

कायद्याने मृत्यूपासून २४ तासांत प्रेत तपासणीसाठी जवळच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा पात्र डॉक्टरांकडे पाठवायचं असतं, आणि ते शक्य नसेल तर कारण लेखी नोंदवायचं असतं. कोठडीतल्या मृत्यूच्या शवविच्छेदनाचं व्हिडिओ चित्रीकरण करावं, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. मृत्यूची खबर आयोगाला २४ तासांत देण्याची सूचना तर १९९३ ची. तोंडी विनंतीवर विसंबू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, एक प्रत न्यायालयात द्या, एक रुग्णालयात, एक पोलीस अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या कार्यालयात, आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मजकूर असा चालेल :

"प्रति, मा. न्यायदंडाधिकारी, (ठिकाण).
विषय : (मृताचे नाव) यांच्या कोठडीतील मृत्यूची कलम १९६ नुसार चौकशी होणे व पुरावे जतन होणेबाबत.
महोदय, मी मृताची (नाते). त्यांना दि. ___ रोजी ___ वाजता राहत्या घरातून ___ पोलीस ठाण्याच्या पोलिसांनी नेले. नेताना त्यांच्या अंगावर जखम नव्हती. दि. ___ रोजी त्यांचा मृत्यू झाल्याचे आम्हांस कळवण्यात आले. तरी विनंती की, चौकशीच्या वेळी आम्हांस हजर राहू द्यावे, शवविच्छेदन न्यायवैद्यक तज्ज्ञांकडून, व्हिडिओ चित्रीकरणासह व्हावे, व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठीचे अवयवांचे नमुने) राखून ठेवावा, आणि दि. ___ पासूनचे पोलीस ठाण्याचे सीसीटीव्ही चित्रीकरण, स्टेशन डायरी व लॉकअप रजिस्टर तात्काळ ताब्यात घ्यावे."

'नेताना जखम नव्हती' हे वाक्य खरं असेल तर नक्की लिहा. प्रेत दाखवलं तेव्हा पाठ, तळपाय, मांड्या, मनगटं, कानामागचा भाग बघा. जे दिसलं ते त्याच दिवशी लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि काढू दिले तर फोटो काढा. पंचनाम्यावर सही मागितली तर आधी पूर्ण वाचून घ्या. जखमांची नोंद नसेल तर 'अमुक जखमा नोंदलेल्या नाहीत' असं स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करा.

प्रेत ताब्यात घ्यायला नकार देणं हा आपल्याकडचा निषेधाचा नेहमीचा मार्ग आहे. त्यामागचं दुःख मी जाणतो, पण नुसता नकार कुठल्याही फाइलमध्ये उमटत नाही. शंका असेल तर पुन्हा शवविच्छेदन व्हावं असा लेखी अर्ज द्या आणि त्याचा निकाल लागेपर्यंत अंत्यसंस्कार थांबवा. दहन झालं की परत तपासणीला काही उरत नाही. दफन केलं असेल तर न्यायदंडाधिकारी प्रेत बाहेर काढून तपासू शकतात, तशी तरतूद याच कलमात आहे.

कोणते कागद गोळा करायचे

अटकेचा मेमो सगळ्यांत महत्त्वाचा. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि अटकेची वेळ असते. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायालयात हजर करणं बंधनकारक आहे. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी उचललं आणि मेमोवर मंगळवार दुपार असेल, तर तो फरकच मोठा पुरावा आहे. शेजाऱ्याचा जबाब, घराजवळच्या दुकानाचा कॅमेरा, त्या वेळी तुम्ही केलेल्या फोनची नोंद, सगळं जपा.

दुसरा कागद अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा. डॉक्टरने अंगावरच्या जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ त्यात लिहायची असते. डी. के. बसू खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाप्रमाणे कोठडीत असताना दर ४८ तासांनी तपासणी व्हायला हवी. त्या नोंदी नसतील तर 'नाहीत' असं लेखी उत्तर मागा. रिमांडच्या वेळी न्यायालयात आरोपीने काय सांगितलं, याची नोंदही मागवा. याशिवाय मृत्यू प्रमाणपत्र, रुग्णालयाचे केसपेपर, शवविच्छेदन अहवाल, तुमचं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड किंवा आधार.

सीसीटीव्हीसाठी एक दिवसही थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपलं पाहिजे. त्याच वर्षी जूनमध्ये तामिळनाडूतल्या साथानकुळम ठाण्यात बाप आणि मुलगा पोलिसांच्या मारहाणीनंतर दगावले होते. उच्च न्यायालयाने पाठवलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना आढळलं की हार्डडिस्कमध्ये जागा भरपूर होती, पण चित्रीकरण रोजच्या रोज पुसलं जाईल अशी सेटिंग होती. तिथे सत्य बाहेर आलं ते त्या रात्री ड्युटीवर असलेल्या एका महिला पोलिसाने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या जबाबामुळे. खात्यात राहून तिने खरं सांगितलं, आपण तर बाहेर आहोत.

एफआयआर

न्यायदंडाधिकारी चौकशी म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे, हे नीट समजून घ्या. अहवालानंतर पुढे काय करायचं हे कलम १९६ सांगत नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत दगावलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या आईला त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. चौकशी अहवालात पोलिसांवर ठपका होता, तरी गुन्हा नोंदला गेला नव्हता. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी तो नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

म्हणून चौकशीची वाट न पाहता लेखी फिर्याद द्या. ठाण्यात घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पाठवा, तेही हलले नाहीत तर कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. तक्रार लोकसेवकाविरुद्ध असल्याने न्यायालय वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवू शकतं, तेवढा वेळ धरून चला. पोलिसांनी फक्त 'अकस्मात मृत्यू' नोंदवला असेल तर तो एफआयआर नव्हे.

मानवी हक्क आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरण

राष्ट्रीय आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, मराठीतून चालते, पोस्टाने किंवा ऑनलाइन करता येते. हेल्पलाइन १४४३३. राज्य आयोग मुंबईत आहे. दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार करू नका. राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग चौकशी करत नाही. मुदत घटनेपासून एक वर्ष. मृताचं नाव, वय, पत्ता, घटनेची तारीख आणि ठिकाण, पोलीस ठाणं, काय घडलं आणि काय मागणी आहे, एवढं स्पष्ट हवं. निनावी किंवा मोघम तक्रार निकाली काढली जाते. आयोग भरपाईची आणि खटला भरण्याची शिफारस करू शकतो, स्वतः शिक्षा देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, राज्य आणि विभागीय पातळीवर. कोठडीतला मृत्यू त्याच्या कक्षेत येतो.

भरपाई आणि मोफत वकील

ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांनी मुलाच्या मृत्यूनंतर सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते याचिका मानलं आणि १९९३ मध्ये सरकारने दीड लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. अशा निकालांच्या आधारे रिट याचिकेत (मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका) भरपाई मागता येते, आणि त्यासाठी फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागत नाही. तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूसाठी राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ५ लाख, तर आत्महत्येसाठी १ लाख रुपयांचं धोरण मंजूर केलं. ते तुरुंगापुरतं आहे, पोलीस लॉकअपसाठी नाही. मृत व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि अॅट्रॉसिटीची कलमं लागली, तर त्या नियमांखालची मदत वेगळी मिळते. भरपाई घेतली म्हणजे खटला सोडला असं होत नाही. 'पैसे घ्या आणि मिटवा' असं म्हणत कुणी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही मागत असेल तर देऊ नका.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, फोन १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही, म्हणून घरातल्या आई किंवा पत्नीच्या नावाने अर्ज केला तर उत्पन्नाचा दाखला शोधत फिरावं लागत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या लोकांना याचिकेसाठी मुंबई गाठायची गरज आता उरलेली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे.